वेगवान गोलंदाजाची कंबर, पुढचा पाय आणि चेंडूंचा हिशेब

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान टाकतो, यंदा दहावी झाली. एका प्रशिक्षकांनी त्याला ‘साइड-ऑन हो’ (म्हणजे फलंदाजाकडे खांदा करून, बाजूने टाक) सांगितलं, दुसऱ्यांनी ‘पुढचा पाय ताठ ठेव, वेग वाढेल’ सांगितलं. सुट्टीच्या शिबिरात रोज गोलंदाजी सुरू आहे आणि काही आठवड्यांपासून कंबर डाव्या बाजूला दुखते. वेग वाढावा आणि दुखापत होऊ नये, यासाठी अॅक्शन कशी असावी, असं त्यांनी विचारलं आहे.

तुम्ही अॅक्शनबद्दल विचारलंत, पण मी आधी कंबरेबद्दल बोलणार आहे. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘डाव्या बाजूला’ हा आहे. उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाची कंबर खालच्या भागात डावीकडे, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखत असेल, तर तो स्नायू आखडला असेल असं गृहीत धरू नका. मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाण्याची सुरुवात नेमकी अशीच होते. टाकताना दुखतं, विश्रांती घेतली की थांबतं, दोन दिवसांनी पुन्हा नेटमध्ये गेला की परत येतं. डाव्या पायावर उभं राहून मागे वाकल्यावर तीच कळ उठत असेल, तर शंका आणखी बळावते. गोलंदाजी आजच थांबवा आणि खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका, कारण सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो. एमआरआयमध्ये हाडाला आलेली सूज आधीच कळते. त्या टप्प्यावर थांबलेला मुलगा बहुधा पूर्ण बरा होतो. स्प्रे मारून, पट्टा बांधून, गोळी घेऊन सामने खेळत राहिलेल्या मुलाचा तडा आरपार जाऊ शकतो, आणि मग गोष्ट कठीण होते.

डावीच बाजू का, हे समजलं की अॅक्शनमधलं निम्मं कोडं सुटतं. पाठीच्या कण्यातल्या प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूने, डावीकडे आणि उजवीकडे, हाडाची एकेक अरुंद पट्टी असते. त्या बाजूचा वरचा आणि खालचा सांधा तिने जोडलेले असतात. पाठ मागे वाकते, एका कुशीला कलते आणि त्याच वेळी पिळली जाते, तेव्हा कललेल्या बाजूच्या या पट्टीवर दाब एकवटतो. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू उंचावरून सोडायला डावीकडे कलतो. त्यामुळे मार डाव्या पट्टीला, तोही बहुतेक चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्याला (कंबरेच्या मणक्याला) बसतो. नेमक्या त्याच क्षणी पुढचा, म्हणजे डावा पाय जमिनीवर आदळलेला असतो. तिथे जमीन पायाला जी उलटी ठोकर देते, ती शरीराच्या वजनाच्या ५ ते ७ पट असते. पाय टेकल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद जातो. साठ किलोच्या मुलाला एवढ्या वेळात तीनशे-चारशे किलोंचा भार पेलावा लागतो, आणि एका चेंडूनंतर दुसरा असतोच. शिवाय कटिमणक्यांची हाडं विशीपर्यंत, कित्येकांची त्यानंतरही, पूर्ण पक्की झालेली नसतात. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत तर हाड लांबतं आधी आणि घट्ट होतं नंतर.

हे थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात मणक्याच्या तड्यांनी कोसळला. प्लास्टरमध्ये राहिला, मग चिकाटीने शरीर बांधलं, अॅक्शन सुधारली आणि १९७४-७५च्या अॅशेसमध्ये, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत, परतला. त्याच देशाच्या पॅट कमिन्सने नोव्हेंबर २०११मध्ये, अठराव्या वर्षी, जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळली आणि दुसऱ्या डावात सहा बळी घेतले. त्याची पुढची कसोटी मार्च २०१७मध्ये रांचीला झाली. मधली पाच वर्षं पाठीने आणि इतर दुखापतींनी खाल्ली. आपल्या जसप्रीत बुमराहच्या पाठीवर मार्च २०२३मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि तो ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध परतला. ही नावं तुम्हाला घाबरवायला घेतलेली नाहीत. हे तिघेही नंतर पुन्हा तितक्याच जोरात धावत आले. पण त्यांच्याभोवती डॉक्टर, फिजिओ आणि थांबायला सांगणारी माणसं होती. तुमच्या मुलाच्या बाबतीत ते काम तुम्हालाच करायचं आहे.

आता त्या ‘साइड-ऑन हो’ या सल्ल्याकडे वळतो, कारण मला त्याची खरी काळजी वाटते. पूर्वीच्या प्रशिक्षणात साइड-ऑन हाच आदर्श मानला जाई. मागचा पाय क्रीजला समांतर, डावा खांदा फलंदाजाकडे, नजर डाव्या दंडाच्या पलीकडून. लिली तसा टाकायचा. पण वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल फ्रंट-ऑन, म्हणजे छाती समोर ठेवून टाकायचा आणि त्याच्या वेगाबद्दल किंवा यशाबद्दल कुणाला शंका नाही. साइड-ऑन, फ्रंट-ऑन आणि दोहोंच्या मधली सेमी-ओपन, तिन्ही अॅक्शन चालतात. घात करते ती मिक्स्ड अॅक्शन. त्यात कंबर एका दिशेला पाहते आणि खांदे दुसऱ्या. मागचा पाय टेकताना खांदे उघडे असतात आणि नंतर मुलगा जोर लावायला त्यांना मागे, बाजूकडे पिळतो. हे उलटं वळण ३० अंशांच्या पुढे गेलेल्या गोलंदाजांमध्ये पाठीच्या दुखापती जास्त आढळल्या आहेत. ऑस्ट्रेलियात यावर अनेक वर्षं काम झालं आहे.

आता असा विचार करा. तुमचा मुलगा मुळात फ्रंट-ऑन आहे. धावत येतो, मागचा पाय सरळ विकेटकीपरकडे रोखलेला असतो. त्याला कुणी सांगितलं, साइड-ऑन हो. मुलगा आज्ञाधारक. पाय बदलणं अवघड, कारण पायाची दिशा रनअपच्या वेगात आणि उडीत ठरते. खांदे बदलणं सोपं. म्हणून तो फक्त खांदे वळवतो. पाय आणि कंबर समोर, खांदे बाजूला. जी अॅक्शन टाळायची तीच आपण त्याच्या अंगी लावली! माझ्याकडे येणाऱ्या दुखऱ्या पाठींपैकी बऱ्याच मुलांच्या अॅक्शनमध्ये मला हीच अर्धवट दुरुस्ती दिसते. मी स्वतः नियम एकच ठेवतो. मागचा पाय टेकताना पायाची बोटं, कंबर आणि खांदे एकमेकांशी सहमत असले पाहिजेत. मग ते कुठल्या दिशेला सहमत आहेत, हा त्या मुलाच्या शरीराचा प्रश्न. खांद्यांना पायांप्रमाणे जाऊ द्यावं. पायांना खांद्यांप्रमाणे वळवायचा हट्ट धरू नये.

यात एक गोष्ट जोडायला हवी. खांद्यांचं उलटं वळण पुढचा पाय टेकण्याआधी होतं, आणि मोठा भार पाय टेकल्यावर येतो. म्हणून अलीकडे अभ्यासकांचं लक्ष पुढचा पाय टेकल्यानंतरच्या क्षणांकडे वळलं आहे. तिथे धड किती डावीकडे कलतं, कंबरेची कमान किती खोल होते, हे पाहतात. खांदे शुद्ध असूनही जो मुलगा चेंडू सोडताना डोकं डाव्या पायाच्या बाहेर टाकतो, त्याची पाठ सुरक्षित नाही. उलट खांदे थोडे वळत असले तरी डोकं पुढच्या पायाच्या वर आणि लक्ष्याच्या रेषेत राहत असेल, तर मी लगेच हात घालत नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं. मोबाइल स्लो-मोशनवर ठेवा. एक व्हिडिओ पंचांच्या जागेवरून, एक समोरून सुरक्षित अंतरावरून आणि एक काटकोनात बाजूने घ्या. चार क्षण थांबवून पाहा: मागचा पाय टेकतो तो, पुढचा पाय टेकतो तो, चेंडू सुटतो तो आणि त्यानंतरचं पहिलं पाऊल. पंचांच्या जागेवरून पाहताना पुढचा पाय मागच्या पायाची रेषा ओलांडून फार आत पडतो का, ते बघा. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा पुढचा पाय उजव्या बाजूच्या स्टंपच्या दिशेला बंद पडला, की कंबर अडकते, फिरायला जागा उरत नाही आणि उरलेलं वळण पाठ करते. डाव्या हाताकडेही लक्ष द्या. तो लक्ष्याकडे उंच जाऊन बरगडीजवळून खाली ओढला गेला पाहिजे. बाहेर भिरकावला गेला तर डोकं त्याच्यामागे जातं. पंधराव्या वर्षी बदलायला सोपी आणि फायद्याची जागा म्हणजे हा डावा हात. दुखणं नसेल तेव्हा मी बहुतेक मुलांची सुरुवात तिथूनच करतो.

आता वेग. लफबरो विद्यापीठात इंग्लंडच्या वीस वेगवान गोलंदाजांचा अभ्यास झाला आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. चेंडूच्या वेगातला सुमारे ७४ टक्के फरक चार गोष्टींनी स्पष्ट होतो, असं त्यात दिसलं: रनअपचा वेग, चेंडू सोडताना पुढचा गुडघा किती सरळ आहे, पुढचा पाय टेकल्यापासून सुटकेपर्यंत धड किती पुढे वाकतं, आणि गोलंदाजीचा हात किती उशिरा फिरतो. दंडाची ताकद या चार गोष्टींत नाही, हे मुलाला अवश्य सांगा. जिममध्ये बायसेप्स फुगवणाऱ्या पोरांना हे पटवायला मला फार वेळ लागतो.

शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवणारा माणूस पाहिला असेल तर यामागचं गणित डोळ्यांपुढे येईल. हात थबकतो आणि दोरीच्या टोकाचा दगड सुसाट सुटतो. गोलंदाजाचं शरीर रनअपमध्ये ताशी वीस-बावीस किलोमीटरने पुढे जात असतं. पुढचा पाय ते थांबवतो. पाय थांबला की कंबर पुढे झेपावते, कंबर मंदावली की धड, धडामागून खांदा, खांद्यामागून हात, आणि शेवटी बोटांतून चेंडू. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्या, हलक्या भागाला देतो. गुडघा मोडून खाली बसला, तर वेग गुडघ्यातच जिरतो. हात घाईने आधीच फिरला, तर पायाकडून आलेला वेग पोचायच्या आत चेंडू सुटतो. म्हणूनच ‘हात जोरात फिरव’ हा मैदानावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला वेग वाढवण्याऐवजी घटवतो. बुमराहचा रनअप आखूड आहे, त्यात निम्मी चाल आहे, तरी त्याचा चेंडू १४० किलोमीटरच्या पुढे जातो. त्याचा पुढचा पाय पाहा. गुडघा जराही खचत नाही, आणि चेंडू पायाच्या बराच पुढे सुटतो.

तेव्हा तुमचे दुसरे प्रशिक्षक चूक बोलले नाहीत. मात्र जो ताठ पाय वेग देतो, तोच पाय ठोकर सरळ वर कंबरेत पाठवतो. गुडघा वाकला असता तर त्यातली काही ठोकर मांडीच्या स्नायूंनी झेलली असती. वेग आणि सुरक्षितता एकाच योग्य अॅक्शनमधून आपोआप मिळतात असं सांगणारे पुष्कळ भेटतील, मला ते मान्य नाही. काही गोष्टी दोन्हींना मदत करतात: सरळ रेषेतला रनअप, स्थिर डोकं, कंबर-खांद्यांची एकी. ताठ गुडघा मात्र वेगाची किंमत मागतो, आणि ती किंमत देण्याइतकं शरीर आधी तयार व्हावं लागतं. पंधराव्या वर्षी मी मुलाला ‘गुडघा ताठ कर’ असं म्हणत नाही. एका पायावर उडी घेऊन न डगमगता टेकणं, एका पायाचं स्क्वॉट, नितंबाच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, पोटरी आणि साइड प्लँक, हे करून घेतो. टाच आधी टेकू द्यायला शिकवतो आणि चेंडू टाकतानाचं शेवटचं पाऊल लांबवू देत नाही. पाऊल फार लांब गेलं की गुडघा वाकणारच. पाय मजबूत झाला की दोन-तीन वर्षांत गुडघा स्वतःच खचायचा थांबतो, त्याला सांगावंही लागत नाही.

रनअपबद्दल श्रीरामपूरच्या झहीर खानचं उदाहरण देतो. तरुणपणी त्याची शेवटची उडी उंच आणि दिमाखदार होती. २००६मध्ये तो वूस्टरशरकडून इंग्लंडमधलं काउंटी क्रिकेट खेळला. त्या काळात त्याने रनअप आखूड केला, ती उडी कमी केली, आणि पुढची काही वर्षं कारकिर्दीतली सर्वोत्तम गोलंदाजी केली. उडी उंच गेली की पुढे जाण्याचा वेग हवेत खर्च होतो आणि खाली येताना मागचा गुडघा दबतो. मुलांना उंच उडी आवडते, फोटोत ती छान दिसते. रनअपचं काम शरीराला पुढे नेण्याचं आहे. मुलगा क्रीजपाशी येताना हळू होत असेल, तर चार पावलं कमी करून पाहा. वेग कमी झाला नाही, तर ती पावलं फुकटच होती.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. अॅक्शन कितीही चांगली असली तरी हाड चेंडू मोजतं. हाडावर भार आला की ते झिजतं आणि विश्रांतीत पुन्हा भरून येतं. भरण्याचा वेग झिजण्याहून कमी पडला की तडा. तुमच्या मुलाने दहावीच्या परीक्षेसाठी काही महिने गोलंदाजी जवळजवळ बंद ठेवली असणार. मार्चमध्ये पेपर संपले आणि एप्रिलमध्ये शिबिर, रोज सकाळी नेट, शनिवार-रविवार सामने, संध्याकाळी सोसायटीत टेनिस बॉल. शून्यावरून एकदम आठवड्याला शेकडो चेंडू. महाराष्ट्रात कमरा धरून येणाऱ्या या वयाच्या मुलांची गर्दी मे-जूनमध्ये होते, यात मला नवल वाटत नाही. टेनिस बॉल हलका असला तरी पायाची ठोकर तितकीच असते, त्यात सिमेंटवर टाकलं तर जास्तच. ते चेंडूही मोजायचे.

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने मुलांसाठी आखलेल्या नियमांत पंधरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये (सलग टाकण्याच्या एका टप्प्यात) सहा आणि दिवसात बारा षटकं, अशी मर्यादा अनेक वर्षं होती. शिवाय आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी नको आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस नको, असा सल्ला होता. आपल्या उन्हात आणि कडक मैदानांवर मी याहून सैल मर्यादा ठेवणार नाही. अडचण अशी होते, की शाळेच्या सरांना क्लबमधले चेंडू माहीत नसतात, क्लबच्या प्रशिक्षकांना शिबिरातले माहीत नसतात. सरावाचे धरून सगळे चेंडू एका वहीत लिहा. वही मुलाने लिहावी, तुम्ही पाहावी, तिन्ही ठिकाणी दाखवावी. एखाद्या आठवड्याचा आकडा गेल्या महिन्याच्या सरासरीच्या दीडपट होत असेल, तर त्या आठवड्यात नेट रद्द करा. दर महिन्याला भिंतीवर पेन्सिलीने उंचीही लिहा. दोन-तीन महिने ती भराभर वाढताना दिसली, तर चेंडू कमी करा. दुखण्याची वाट पाहू नका.

बूट आणि खाणं यावर थोडक्यात. सिमेंटच्या विकेटवर मॅट टाकून खेळताना टाचेखाली चांगली गादी असलेले बूट घालावेत. झिजलेले चालणार नाहीत. दूध, अंडी, डाळी, पोटभर जेवण आणि झोप हवी. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, ते रक्तातून तपासून घ्या. सकाळी उपाशीपोटी नेट आणि तिथून परस्पर क्लास, असा दिनक्रम असेल तर तो बदला.

एमआरआय स्वच्छ आला, तर फिजिओकडून नितंबांची ताकद, घोट्याची आणि कंबरेच्या सांध्याची हालचाल तपासून घ्या आणि दुखणं पूर्ण गेल्यावर हळूहळू सुरू करा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, दिवसाला तीन षटकं, तीही निम्म्या जोराने. पूर्ण जोर महिन्या-दीड महिन्यानंतर. सूज किंवा तडा निघाला, तर परतायला काही महिने लागतात, अनेकदा चार ते आठ. किती ते डॉक्टर ठरवतील. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. सहाव्या आठवड्यात त्याला एकदम बरं वाटू लागेल आणि तो चेंडू हातात घेईल. या काळात डॉक्टरांनी मोकळीक दिली की पोहणं, सायकल आणि पायांची ताकद सुरू ठेवता येते.

आणि दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र भेटा. वय, रिपोर्ट आणि वही समोर ठेवा आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी अॅक्शनमधला एकच बदल दोघांनी मिळून ठरवावा, अशी विनंती करा. माझं मत विचाराल तर तो बदल डाव्या हाताचा असावा. दुखणं सुरू होण्याआधीचा त्याच्या गोलंदाजीचा एखादा व्हिडिओ मोबाइलमध्ये असेल, तर तो डिलीट होऊ देऊ नका. शिबिरात साइड-ऑन होण्याआधी त्याचे खांदे कुठे होते, ते त्यातून कळेल, आणि परतताना त्यांना तिथेच न्यायचं आहे.